रात्री इंजिन बंद केल्यावर : यॉटवरच्या विजेची दीडशे वर्षं

कल्पना करा, तुम्ही एका खाडीत नांगर टाकून उभ्या असलेल्या यॉटवर आहात. संध्याकाळ झाली, इंजिन बंद केलं. आता बोटीवर वीज कुठून येणार? नांगरदिवा रात्रभर लागलाच पाहिजे, तो नियम आहे. फ्रिज चालू हवा. उकाडा असेल तर एसी हवा. यावर उत्तरं दोनच. एक तर लहान जनरेटर रात्रभर घरघरत ठेवा, नाही तर दिवसा भरून ठेवलेल्या बॅटरीवर रात्र काढा. आज यॉट विकत घेणारे लोक या प्रश्नावर तासन्‌तास वाद घालतात.

हा प्रश्न लिथियम बॅटरी आल्यापासूनचा आहे असं मलाही आधी वाटायचं. मी मूळची रसायनशास्त्राची, इतिहासाकडे उशिरा वळले. इंजिन उपलब्ध असतानाही माणसं विजेचा साठा का करतात, असा माझ्या प्रबंधाचा साधारण विषय आहे, आणि यॉट हे त्यातलं एक छोटंसं प्रकरण. छोटं म्हणून घेतलं आणि त्यातच अडकले.

सुरुवात एका लाकडी पेटीपासून करू. १८८१ सालच्या मे महिन्यात पॅरिसहून ग्लासगोला एक पेटी आली. प्रवासाला ७२ तास लागले. आत कामीय फोर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचे चार सेल होते, पॅरिसमध्येच चार्ज करून पाठवलेले. पेटी ज्यांच्याकडे आली ते सर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे आपण ज्यांना लॉर्ड केल्विन म्हणून ओळखतो ते. तापमानाच्या एककावर ज्यांचं नाव आहे तेच. शिसं आणि आम्ल यांची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्येच केली होती, पण तिच्या पत्र्यांची ताकद वाढवायला महिनोन्‌महिने चार्ज-डिस्चार्ज करत बसावं लागायचं. फोरनं शिशाच्या पत्र्यांवर सरळ शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि हे महिने वाचवले. केल्विन यांनी मोजून जाहीर केलं, की एका घनफूट पेटीत दहा लाख फूट-पौंड ऊर्जा आली आहे!

दहा लाख ऐकून लोक थक्क झाले. आपण जरा हिशोब करू. एक पौंड वजन एक फूट उचलायला लागते ती ऊर्जा म्हणजे एक फूट-पौंड. दहा लाख फूट-पौंड म्हणजे तुमच्या लाइट बिलाच्या भाषेत ०.३८ युनिट. अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

केल्विन स्वतः पक्के यॉटवाले होते. १८७० मध्ये त्यांनी ‘लाला रूख’ नावाची १२६ टनांची शिडाची यॉट घेतली होती आणि उन्हाळे ते तिच्यावरच काढत. वाऱ्याची किंमत त्यांना ठाऊक होती. पेटी आली त्याच वर्षी यॉर्कच्या विज्ञान परिषदेत निसर्गातल्या ऊर्जास्रोतांवर बोलताना त्यांनी म्हटलं, की दगडी कोळसा एक दिवस संपेल, तेव्हा पवनचक्क्या परत येतील, त्या डायनॅमो फिरवतील आणि फोरच्या बॅटऱ्या भरतील. अडचण एकच, पवनचक्की अजून फार महाग पडते. १८८१ साली! आज आपण सौर आणि पवन ऊर्जेच्या साठवणुकीबद्दल जे बोलतो, त्याचा आराखडा यात जवळपास पूर्ण आहे.

पण पेटीच्याही आधी जहाजांवर वीज पोचली होती, तीही बॅटरीशिवाय. १८८० मध्ये ‘कोलंबिया’ या अमेरिकन प्रवासी बोटीवर एडिसन यांचे शंभराहून अधिक दिवे बसवले गेले. विजेचा दाब मोजायला उपकरण नव्हतं. इंजिनखोलीतले दिवे किती लाल किंवा पांढरे दिसतात ते बघून इंजिनिअर डायनॅमोचा वेग कमी-जास्त करायचा. डोळा हाच व्होल्टमीटर. तरी हे चाललं, आणि चालण्याचं कारण साधं आहे : प्रवासी बोट रात्रीही चालतच असते. बॉयलर पेटलेलाच, वाफ आहेच, मग डायनॅमो फिरवायला वेगळं काही करावं लागत नाही.

यॉटचं तसं नाही. यॉट रात्री थांबते. मालक झोपतो, आणि झोपताना त्याला ना वाफेचा आवाज हवा असतो ना रात्रभर भट्टीत कोळसा टाकणारा माणूस पोसायचा असतो. दोघींनाही आपण बोटच म्हणतो, पण विजेच्या बाबतीत प्रवासी बोट आणि यॉट हे वेगवेगळे प्राणी आहेत. माझ्या मते पुढची सगळी गोष्ट याच फरकातून निघते.

इथे एक आडवाट घेते, कारण ती सोडवत नाही. न्यूयॉर्क हेरल्ड या वृत्तपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट, जुलै १८७९ मध्ये त्यांची ‘जेनेट’ नावाची बोट सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाकडे निघाली. ध्रुवीय रात्र काही महिन्यांची असते, म्हणून एडिसन यांनी तिच्यासाठी आर्क दिवे आणि डायनॅमो दिला होता. तो कधी चाललाच नाही. बोट बर्फात अडकली ती दोन हिवाळे तेलाच्या दिव्यांवरच राहिली. जून १८८१ मध्ये बर्फानं चिरडून ती बुडाली. ३३ जणांपैकी २० जण परतले नाहीत. ग्लासगोत केल्विन पेटीभर विजेचं कौतुक करत होते, तो हाच उन्हाळा.

तीन वर्षांनी ‘जेनेट’चं काही सामान थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागलेलं सापडलं. म्हणजे बर्फ अख्खा ध्रुवसमुद्र ओलांडून वाहतो! यावरून नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी मुद्दाम बर्फात अडकण्यासाठीच ‘फ्राम’ नावाची बोट बांधून घेतली. १८९३ मध्ये तेरा माणसं घेऊन ती निघाली. आता तिची विजेची व्यवस्था बघा. इंजिन चालू असेल तेव्हा डायनॅमो वाफेवर. बर्फात अडकल्यावर कोळसा जपायचा म्हणून डेकवर पवनचक्की, आणि वारा पडला तर माणसांनी गोल फिरून ओढायचा चरक, आपल्याकडे बैल घाण्याला फिरतात तसा. पहिल्याच हिवाळ्यात पवनचक्की उभी राहिली आणि आर्क दिवा लागला. केल्विन यांनी यॉर्कमध्ये सांगितलेल्या चक्कीला बारा वर्षांनी ध्रुवाजवळ जागा मिळाली. १८९५ पर्यंत मात्र तिचे दाते झिजले आणि ती उतरवावी लागली. बोट पुढे वर्षभर तशीच राहिली आणि १८९६ च्या ऑगस्टमध्ये सुखरूप बाहेर आली. वाऱ्यावरच्या विजेचा प्रश्न वाऱ्याचा कमी आणि सुट्या भागांचा जास्त असतो. आज यॉटवर छोटी पवनचक्की बसवणारे लोकही हीच तक्रार करतात.

बॅटरीचा खरा बाजार मात्र शांत पाण्यावर तयार झाला. १८८२ मध्ये लंडनला थेम्स नदीत ‘इलेक्ट्रिसिटी’ नावाची छोटी लाँच ४५ सेलवर चालवून दाखवली गेली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात तर ५५ विजेच्या लाँचेस होत्या. धूर नाही, काजळी नाही, आवाज नाही. पांढरे कपडे घालून सहलीला निघालेल्या लोकांना आणखी काय हवं? या लाँचेस बांधणारी कंपनी म्हणजे एल्को. हे नाव पुढे आयझॅक राइस या गृहस्थांच्या हाती आलं. राइस बॅटरी कंपनीचे माणूस. त्यांनी १८९९ मध्ये इलेक्ट्रिक बोट नावाची कंपनी उभी केली, त्यात एल्को आली आणि जॉन हॉलंड यांची पाणबुडीही आली. एप्रिल १९०० मध्ये अमेरिकी नौदलानं ती पाणबुडी विकत घेतली. पाण्यावर पेट्रोल इंजिन, पाण्याखाली बॅटरी.

पाणबुडी आणि यॉट यांचा काय संबंध, असं विचाराल. माझ्या दृष्टीनं फार जवळचा. दोघींनाही काही तास असे काढायचे असतात जेव्हा इंजिन चालवता येत नाही. पाणबुडीला हवा मिळत नाही म्हणून, यॉटला झोप मिळत नाही म्हणून. दोघींचं उत्तर एकच : मोकळ्या वेळात इंजिननं बॅटरी भरा, अडचणीच्या वेळी बॅटरी वापरा. (राइस यांच्या बॅटरी कंपनीनं १९०० च्या सुमारास एक व्यापारी नाव घेतलं, एक्साइड. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरखाली जी जड बॅटरी आहे, तिच्यावर कदाचित हेच नाव असेल. भारतातली कंपनी आज वेगळी आहे, पण नावाचा उगम तोच.)

लेड-ॲसिडची दुखणीही पाणबुड्यांनीच नीट शिकवली. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो बंद जागेत साठला की एक ठिणगी पुरते. समुद्राचं पाणी सेलमध्ये शिरलं तर क्लोरिन वायू तयार होतो. इन्व्हर्टरची बॅटरी कपाटात कोंडून ठेवू नका असं मिस्त्री सांगतो, त्याचं कारणही हायड्रोजनच.

१९१६ मध्ये चार्ल्स केटरिंग यांनी अमेरिकेतल्या शेतघरांसाठी डेल्को-लाइट नावाचा संच आणला. रॉकेलवर चालणारं छोटं इंजिन, डायनॅमो, आणि काचेच्या बरण्यांतल्या १६ सेलची बॅटरी. प्रत्येक सेलचे दोन व्होल्ट, एकूण ३२. अमेरिकन यॉटवर हे ३२ व्होल्ट असे रुजले की १९५० च्या दशकापर्यंत तिथले दिवे, पंप, पंखे त्याच दाबाचे मिळत. दिवसातून थोडा वेळ इंजिन, रात्रभर बॅटरी, अशी पद्धत पक्की झाली. ती चालली, कारण रात्रीचा भार होता चार दिवे आणि एखादा पंखा.

मग ती मोडली कशानं? घरातल्या यंत्रांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर घरच्यासारखी एसी वीज देणारे लहान जनरेटर स्वस्तात मिळू लागले. त्यापाठोपाठ बोटीवर घरचाच फ्रिज, घरचीच विजेची शेगडी, आणि शेवटी एअर कंडिशनर. दिवे दहापट वाढले तरी बॅटरीनं झेपवले असते. एसी मात्र झेपणारा नव्हता. यॉट पुन्हा ‘कोलंबिया’सारखी झाली, रात्रभर इंजिन चालू. फरक इतकाच की आता इंजिन माणसांच्या झोपायच्या जागेपासून काही फुटांवर होतं.

याची किंमत कशी मोजली गेली ते सांगते. अमेरिकेत ॲरिझोना आणि यूटाच्या सीमेवर लेक पॉवेल नावाचा धरणाचा प्रचंड जलाशय आहे. वाळवंटातलं पाणी, भयंकर ऊन. कुटुंबंच्या कुटुंबं हाऊसबोटी घेऊन तिथे आठवडाभर राहतात, आणि एसीसाठी पेट्रोलचा जनरेटर दिवसरात्र चालू असतो. कित्येक बोटींवर त्याचा धूर मागच्या टोकाला, पोहायला उतरायच्या प्लॅटफॉर्मच्या खाली सोडलेला असे. दिसायला नको, आवाज कमी यावा म्हणून. त्या प्लॅटफॉर्मखाली पाणी आणि लाकूड यांच्यामध्ये एक पोकळी राहते. ऑगस्ट २००० मध्ये ८ आणि ११ वर्षांचे दोन भाऊ पोहता पोहता त्या पोकळीत गेले. बोटीचं इंजिन बंद होतं, पण जनरेटर चालू होता. दोघंही काही मिनिटांत बेशुद्ध झाले आणि गेले.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हवेत दहा लाख भागांत १,२०० भाग झाला की जिवाला तात्काळ धोका मानतात, आणि त्या पोकळ्यांमध्ये तो याच्या कित्येक पट मोजला गेला. त्या भागात काम करणारे डॉ. रॉबर्ट बॅरन आणि अमेरिकी सरकारच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचे लोक यांनी जुनी प्रकरणं उकरायला घेतली. १९९० पासूनच्या नोंदींत एकट्या लेक पॉवेलवर या वायूच्या विषबाधेची १११ प्रकरणं निघाली. त्यातली ७४ हाऊसबोटींवरची, आणि त्यांपैकी ६४ फक्त जनरेटरच्या धुरामुळे. हाऊसबोटींवरच्या या प्रकरणांत सात जण दगावले होते. बोटींच्या अपघातात पाण्यात सापडलेलं माणूस ‘बुडून मृत्यू’ म्हणून नोंदलं जाणं किती सोपं असतं बघा. रक्त तपासल्याशिवाय खरं कारण कळत नाही, आणि बुडालेल्याचं रक्त कोण या वायूसाठी तपासतं?

हे अहवाल वाचताना माझी एमएस्सीची चौकट कोलमडली. मी इतके दिवस किलोमागे किती ऊर्जा बसते त्याचे तक्ते करत होते. पण जनरेटर की बॅटरी हा निर्णय तक्त्यावर होत नाही. यंत्राशेजारी कोण झोपलंय आणि त्या वेळी जागं कोण आहे, हे दोन प्रश्न त्यात आधी येतात. पुढे तिथे उभी धुराडी आली, धूर छताच्याही वर नेऊन सोडणारी. अमेरिकी तटरक्षक दलानं सदोष हाऊसबोटी परत बोलावल्या. कमी कार्बन मोनॉक्साइड सोडणारे पेट्रोल जनरेटरही निघाले. डिझेलचा जनरेटर मुळातच हा वायू बराच कमी सोडतो, म्हणून मोठ्या यॉटवर तोच असतो. त्याचं दुखणं वेगळं : रात्री एसी थांबून थांबून चालतो, भार कमी पडतो, आणि कमी भारावर तासन्‌तास चाललेलं डिझेल इंजिन आतून काजळी धरतं.

आता तो लक्षात ठेवलेला आकडा काढू. समजा दोन केबिनचे एसी, प्रत्येकी दीड किलोवॉट, आठ तासांची रात्र, आणि त्यातला निम्मा वेळ ते प्रत्यक्ष चालू. १.५ × २ × ८ ÷ २ म्हणजे १२ युनिट. केल्विन यांच्या पेट्या घेतल्या तर ३२ लागतील. नेहमीच्या १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या घेतल्या तर निम्म्याच वापरायच्या (पूर्ण उतरवल्या तर लवकर मरतात), म्हणजे सुमारे २०, वजन ६०० किलोच्या आसपास. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या तेवढ्याच क्षमतेच्या बॅटऱ्या ८० टक्के वापरता येतात, म्हणजे १२ पुरतील, दीडशे किलोच्या आत. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज मी धरलेली नाही. आणि डिझेल? चार-पाच लिटर. हा शेवटचा आकडा बघितला की दीडशे वर्षं इंजिन का टिकलं ते कळतं.

वजनापेक्षाही मोठा फरक भरण्यात आहे. लेड-ॲसिडचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो, तोवर जनरेटर जवळपास रिकामा फिरत राहतो. म्हणजे रात्रीची घरघर वाचवायची आणि दिवसा तीच सहन करायची. लिथियम मात्र जवळपास शेवटपर्यंत जोरात प्रवाह घेते. पाच किलोवॉटचा जनरेटर अडीच तास पूर्ण भारावर चालवला की १२ युनिट परत आले. या रसायनाचा १९९७ चा मूळ शोधनिबंध पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांचा. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा बाकीच्या दोन नावांची आठवण आपल्याकडेही फारशी कुणी काढली नाही. यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, सेल तापला तरी तो सहजी सुटत नाही, म्हणून बोटीवर हेच लिथियम बरं मानतात.

‘बरं’ म्हणते, ‘निर्धोक’ म्हणत नाही. कुठल्याही लिथियम सेलमधलं द्रव जळतं आणि बिघडलेला सेल पेटणारे वायू सोडतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेत ‘यटरयनिंगेन’ या फेरीबोटीच्या बॅटरीखोलीत आग लागली. आग विझली असं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साठलेल्या वायूचा डेकखाली स्फोट झाला. पाणबुडीतल्या हायड्रोजनचीच ही दुसरी पिढी म्हणा.

त्याच्या महिनाभर आधीची घटना याहून वाईट आहे. २ सप्टेंबर २०१९ ला पहाटे तीननंतर कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेले ३३ प्रवासी आणि एक कर्मचारी, असे ३४ जण गेले. वर झोपलेले पाच कर्मचारी वाचले. बोटच जळून बुडाल्यामुळे आगीचं कारण ठामपणे ठरवता आलं नाही. प्रवाशांचे फोन, कॅमेरे, टॉर्च जिथे रात्रभर चार्जिंगला लावलेले असत त्या भागावर तपासकर्त्यांचं लक्ष गेलं, पण खात्री कुणालाच देता आली नाही. खात्रीनं एकच गोष्ट लिहिली गेली : रात्री फेरी मारून पहारा करणारं कुणी जागं नव्हतं, जे नियमानं असायलाच हवं होतं. कॅप्टनला २०२३ मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली.

त्यामुळे ‘तू तुझ्या यॉटवर काय बसवशील?’ असं कुणी विचारलं (अजून कुणी विचारलेलं नाही, आणि यॉटही नाही), तर मी दोन्ही बसवेन. रात्रीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, झोपायच्या केबिनपासून वेगळ्या, हवा खेळत्या खणात. ती भरायला छोटा डिझेल जनरेटर, फक्त दिवसा, सगळे जागे असताना. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक केबिनमध्ये, जनरेटर बंद असला तरीही, कारण शेजारी नांगरलेल्या बोटीचा धूरही वाऱ्यानं तुमच्या खिडकीतून आत येतो.